ओट्यावर मांडलेलं गाव

संध्याकाळी म्हातारा डोक्याचा पांढरा पटका सोडून ओट्यावर पसरायला लागला, की आम्ही समजायचो, नदी आली. पटक्याला मधे एक वळण द्यायचा. वळणाच्या आत चंची ठेवायचा, ती टेकडी. अडकित्ता उघडून उभा करायचा, ते घंटेचं देऊळ. सुपारीची खांडं म्हणजे घरं. सगळ्यात शेवटी चुन्याची डबी पटक्याच्या काठाला टेकवायचा आणि तिच्यावर बोट ठेवून म्हणायचा, “आधी शीव पाहा, मंग गाव पाहा. शीव समजली नाही त्याले गाव समजत नाही.”

डबी म्हणजे गिरणी. त्या गिरणीत त्याचा धाकटा भाऊ कामाला होता, असं तो सांगे.

भाऊ मेलेला होता. हे आधीच सांगून टाकते. गोष्ट लपवून ठेवून शेवटी काढायची मला सवय नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे, सरळ लिहिते. म्हाताऱ्याला तेव्हा सगळे मान देऊन बोलायचे, मीही बोलायची. आता मी त्याच्यापेक्षा म्हातारी झाले, म्हणून एकेरीत लिहिते.

गाव फ्रान्समधलं होतं. ओटा आमच्या शेजारचा, नांदुऱ्याहून पूर्णेकडे जाताना लागणाऱ्या एका खाऱ्या पाण्याच्या खेड्यातला. मी लग्न होऊन आले तेव्हा आपला महाराष्ट्र नुकताच झाला होता. पहिल्या मोठ्या लढाईला तेव्हा चाळीसच्या वर वर्षं होऊन गेली होती. त्या लढाईत हे दोघे भाऊ खामगावला भरती होऊन गेले. बंदुकीचं काम नव्हतं, खेचरं सांभाळायचं होतं. मोठा परत आला. तोच हा.

तो घरी आला तेव्हा घरात रडायलाही कुणी उरलं नव्हतं. मानमोडीची साथ येऊन गेली होती. आई, बाप आणि याची स्वतःची बायको, तिघंही त्यात गेली. सरकारचा कागद आला असला तरी घेणारं कुणी नव्हतं. दारात उभी होती फक्त धाकट्याची बायको. तेरा-चौदा वर्षांची पोर, कपाळावर चिलटाएवढं कुंकू. ती दाराआड सरकली आणि आतून शेजारणीला म्हणाली, “विचारा त्याहीले, ते मांगून येऊन राह्यले का?”

हा म्हणाला, “हाव. येते. तिकडं गिरणीवर कामाले लागला.”

झालं. त्या एका वाक्यावर त्या घराची पुढची सगळी वर्षं उभी राहिली.

आता तुम्ही म्हणाल, तिने खोदून कसं विचारलं नाही? विचारणार कशी? तो तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे बाई भासऱ्याशी बोलत नाही. त्याच्यासमोर येत नाही, तो ओट्यावर असला तर ओटा ओलांडत नाही. एका घरात राहायचं, त्याच्या ताटात भाकर वाढून ताट उंबऱ्याशी सरकवायचं आणि बांगड्या वाजवून सांगायचं की वाढलं आहे. तिने त्याचे पाय पाहिले असतील, तोंड नीट पाहिलं असेल की नाही, शंका आहे. काही विचारायचं तर मधे तिसरं माणूस लागे. मी आले आणि ते तिसरं माणूस मी झाले. मी शेजारची सून, डोक्यावर पदर घेऊन सासऱ्याच्या वयाच्या माणसाशी दोन शब्द बोलले तर चालायचं.

म्हणून तो गाव मांडायचा. ओट्यावर पाच-सहा माणसं बसायची. त्यांना वाटायचं, आपल्याला सांगतो. तो सांगायचा दाराला. बहिऱ्याशी बोलावं तेवढ्या मोठ्या आवाजात.

तसं गाव मी अजून सांगू शकते. आमच्याकडे वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात आणि शेताच्या जमिनीला काळी. त्या गावाला काळी नव्हतीच. वरची वीतभर माती खरवडली की खाली खडू. नांगरट झाली की सगळं शिवार चुना फासल्यासारखं. घोडे नांगराला जुंपायचे. बैलाला तिथे नांगर माहीत नाही म्हटल्यावर सुपडा हसून लोळला होता. सुपडा म्हणजे म्हाताऱ्याचा लहानपणचा जोडीदार, ओट्यावर त्याची जागा खांबाला टेकून.

“घोडा नांगराले अन् बैल काय टांग्याले जुंपते का बे?”

“बैल खातेत ते लोक.”

सुपडाने तोंडातलं पान थुंकून टाकलं. त्या दिवशी गाव पुढे मांडलं गेलं नाही.

शिवेवर दगडाचा क्रूस होता. त्याच्यापासून रस्ता खाली उतरायचा, नदीकडे. नदी आमच्या पूर्णेसारखी पसरट नाही, नालाच म्हणा, पण बाराही महिने पाणी आणि गोडं पाणी. नदीकाठी बायांना धुणं धुवायला छप्पर घालून दिलेलं. हे ऐकलं तेव्हा मला त्या गावाचा खरोखर हेवा वाटला. मी डोक्यावर पाण्याचे दोन गुंड ठेवून शिवारातून पाणी आणत होते आणि तिथे धुण्याला सावली.

गावाचा इतिहासही त्याला पाठ. पूर्वेकडून शत्रू येई आणि गाव जाळी. आज्यांच्या काळात जाळलं, बापांच्या काळात जाळलं, लेकांच्या काळात तोफांनी पाडलं. दर वेळी लोक टेकडीतला खडू कापून त्याच जागी तीच घरं उभी करत. प्रत्येक घराखाली पेव. आपल्याकडे पेवात ज्वारी ठेवतात, ते माणसं ठेवत. तोफा सुरू झाल्या की अख्खं गाव खाली आणि वर फक्त कोंबड्या. देवळाची घंटा काढून नदीत बुडवून ठेवायचे, शत्रूने वितळवू नये म्हणून. लढाई संपली की घंटा वर.

“अन् गावाचं नाव काय?” नवा माणूस विचारी.

“त्याहीच्या बोलीत हाय. आपल्या तोंडात बसत नाही.”

नाव त्याला माहीतच नव्हतं. पलटण रात्री आली, रात्री हलली. कुणी सांगितलं नाही. हे त्याने मला सांगितलं, बाकीचं सांगितलं त्याच दिवशी.

तो दिवस कापूस वेचणीचा. काकी, म्हणजे त्याची भावजय, शेतात गेली होती. म्हाताऱ्याला खोकला होता म्हणून मी ताक न देता कढण घेऊन गेले. ओट्यावर तो एकटाच. पटका पसरलेला, समोर ऐकायला कुणी नाही. चुन्याची डबी हातात.

मी म्हटलं, “मामाजी, आज गिरणी कोठी नेता?”

“गिरणी नव्हतीच पोरी. पाडलेली होती. दोन भिंती होत्या. तिच्या आडोशाले खेचरं बांधली होती. धाकट्याले ताप होता. मी म्हटलं, तू बस, मी दोन-दोन खेचरं पाणी पाजून आणतो. नदीवर जाऊन येईपर्यंत...” तो थांबला. “तापानं नाही नेलं त्याले. गोळा पडला. बारा खेचरं अन् तो. वेगळं काढता नाही आलं.”

मी कढण खाली ठेवलं. मला रडू वगैरे आलं नाही. मला राग आला. काकीच्या तेव्हाच्या वयाची बाई आमच्या जातीत विधवा झाली असती तर तिचा पाट लागला असता. दुसरं घर, लेकरं, नातवंडं, सगळं झालं असतं. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला कोण ठेवतं तसं? नवरा जिवंत म्हटल्यावर मात्र कुणी हात लावणार नाही.

मी ते बोलून दाखवलं. “तिचा पाट लावून देता आला असता तुमाले.”

“हाव.”

“मंग काऊन नाही सांगितलं?”

“उद्या सांगू म्हटलं. मंग पोया आला. सणाचं काऊन सांगा? मंग दिवाळी आली. मंग लोक इचारू लागले, गिरणी कशी हाय. मी सांगू लागलो.” डबी तो बोटांत फिरवत होता. “आता तूच सांग तिले. मले तिच्याशी बोलता येत नाही.”

“मी नाही सांगत. तुमी बांधलं, तुमी पाडा.”

त्याने मान हलवली. कढण गार होईस्तोवर प्यायला नाही.

तेव्हापासून मी ते गाव वेगळ्या कानांनी ऐकू लागले. तुम्हीही ऐकलं असतंत तर कळलं असतं, की लढाईपर्यंतचं गाव पक्कं होतं. कुठल्या घराला निळं दार, कुठल्या वळणावर अक्रोडाचं झाड, तो कधी चुकला नाही. लढाईनंतरचं गाव मात्र आमच्यासारखं वागायचं. आमच्याकडे दुष्काळ पडला की तिथे गव्हाला तांबेरा. आमच्याकडे विजेचे खांब आले त्या साली तिथली गिरणी विजेवर चालू लागली. दुसरी लढाई झाली तेव्हा त्याने भावाला चार-पाच वर्षं पेवात ठेवला होता, हे सुपडा सांगायचा.

“अन् पेवात काय खात होता लेका?”

“सफरचंदं.”

“चार वर्षं? मंग तर त्याले देठ फुटला असंन.”

सगळे हसले. आत बांगड्या वाजल्या, म्हणजे काकीही हसली. म्हातारा हसला नाही. तो दाराकडे पाठ करून बसे, पण पाठीने ऐकायचा.

एकदा काकीने मला आत बोलावलं. चुलीपुढे बसली होती. भाकरी तव्यावर होती, तिच्याकडे लक्ष नव्हतं. म्हणाली, “इचार त्याहीले, तिकडं त्याहीनं बाई केली का?”

“काकी, इतक्या वर्षांनी?”

“इचार. केली असंन तर केली. मले समजू दे.”

मी बाहेर जाऊन विचारलं. भर ओट्यावर विचारलं, दुसरी सोय नव्हती. सुपडाने खाली पाहिलं. म्हाताऱ्याने पटक्याची चुणी सारखी केली. तेव्हा त्याला सुटायला चांगली वाट होती. हो म्हटलं असतं, तर तिने कुंकू ठेवून आशा सोडली असती. ती मोकळी झाली नसती, पण तिचं वाट पाहणं संपलं असतं.

तो म्हणाला, “नाही. गिरणीची मालकीण म्हातारी हाय. तिचं करते तो. बाईचं नाव काढत नाही.”

आत भाकरी करपल्याचा वास आला. मी तिथून उठून माझ्या घरी गेले. मला वाटलं, या माणसाचं काही होऊ शकत नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर त्याचा खोकला छातीत उतरला. त्याला कळलं होतं. एक दिवस मला म्हणाला, “आज पाडतो.” बस एवढंच.

संध्याकाळी त्याने गाव मांडलं. नेहमीपेक्षा सावकाश. शीव, क्रूस, उतार, नदी, अक्रोड. घरं एकेक करून ठेवली. डबी ठेवली. मग म्हणाला, “निरोप आला हाय.”

“कोणाचा?” सुपडा म्हणाला.

“पलटणीतला एक माणूस भेटला होता खामगावले. तो सांगत होता, गिरणीले आग लागली. पीठ भरलं असलं की भडका होते. रातच्याले लागली. सगळी...” आणि त्याने डबी उचलली. मूठ बंद केली. पटक्याच्या काठाला जागा रिकामी राहिली.

 मी दाराशीच उभी होते. आत काहीही वाजलं नाही. बांगड्याही नाही. मग काकीचा आवाज आला. माझ्या मागे, अगदी कानाशी, कोरडा.

“इचार त्याहीले, ते कोठी होते तवा.”

मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, त्याने ऐकलं होतं.  सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. एक शब्द बोलायचा होता. आत. आत होता, एवढंच.

“बाहीर,” तो म्हणाला. “नदीवर होता. खेचराले पाणी पाजाले गेला होता.”

आत बांगड्या वाजल्या. तिने श्वास सोडला तो मला मानेवर लागला. म्हाताऱ्याने डबी जागेवर ठेवली आणि खोकत राहिला. दुसऱ्या दिवसापासून गावाने गिरणी पुन्हा बांधायला घेतली. खडू कापला, छप्पर चढवलं. सुपडा म्हणाला, “तुह्या गावातले लोक मोठे चिवट हायेत बाप्पा.” म्हातारा म्हणाला, “हाव. मरत नाहीत.”

पौषात तो गेला. सकाळी काकीने ताट सरकवलं, बांगड्या वाजवल्या, पुन्हा वाजवल्या. मग तिने मला हाक मारली. मी जाऊन पाहिलं. तिच्या जागी मीच पाहिलं, कारण ती भासऱ्याच्या खोलीत जाणार कशी.

माणसं जमली. त्याला ओट्यावर आणून ठेवलं. डोक्याचा पटका काढून उशाशी ठेवला, चंची त्याच्यावर. सुपडाने तिरडीचे बांबू आणवले. अग्नी चुलतभावाचा मुलगा देईल असं ठरलं. तेवढ्यात दारातून काकीने मला म्हटलं, “सांग त्याहीले, सख्खा भाऊ जिता असतानी दुसरा काऊन? तार करा. त्याहीले येता नाही आलं तरी त्याहीचा हुकूम येऊ द्या. तोवर उचलू नका.”

मी सांगितलं. सुपडा उठून दाराजवळ आला. हा माणूस जन्मभर टिंगल करणारा, पण त्या दिवशी हळू बोलला. “वहिनी, मी आता सायकल काढतो अन् नांदुऱ्याहून तार करतो. गावाचं नाव सांगा.”

ओट्यावर वीस-पंचवीस माणसं असतील. सगळ्यांना त्या गावाची शीव ठाऊक होती. निळं दार कुठे आणि अक्रोड कुठे, हे लहान पोरही सांगू शकलं असतं. नाव कुणालाच येत नव्हतं. लोक एकमेकांकडे पाहू लागले. कुणी म्हणालं, गिरणीचं गाव म्हणून लिहा. कुणी म्हणालं, पलटणीला विचारा. कोणती पलटण? ऊन वर चढत चाललं होतं. सुपडा सायकलचं हँडल धरून उभा होता. बांबू बांधून तयार होते आणि उचलायला कुणी पुढे होत नव्हतं.

मला वाटलं, आता हे माझ्यावरच आलं. मी सांगणार नव्हते, पण मढं ओट्यावर तसं ठेवता येत नाही. मी आत वळले आणि म्हटलं, “काकी...”

“थांब.”

तिने पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि उंबरा ओलांडला. भासरा ओट्यावर असताना ती पहिल्यांदा ओट्यावर आली. बाया कुजबुजल्या, मेला तरी भासराच तो. ती त्याच्या उशाशी बसली. पटका हातात घेतला आणि फरशीवर पसरला. वळण दिलं, बरोबर त्याच जागी. वळणात चंची ठेवली. अडकित्ता उभा केला. तिने हे कधी पाहिलं नव्हतं, दाराआडून नुसतं ऐकलं होतं. तरी एक खांड इकडचं तिकडे झालं नाही. शेवटी तिने डबी ठेवली आणि तिच्यावर बोट ठेवलं.

“हे गिरणी,” ती म्हणाली. भर पुरुषांत तिचा आवाज मोकळा ऐकला तो तेवढाच. “हा शिवेवरून येणारा रस्ता. हा उतार. पुसाच्या महिन्यात इथं पांढरा चिखल होते. चाक रुतते, घोडा रुतते. माणूस येत नाही अन् जात नाही. भासरे सांगत होते. तार पोचत नाही.”

 तिने बोट काढलं नाही.

“वाट पाहू नका,” ती म्हणाली. “उचला.”

उचललं. चुलतपुतण्याने शिंकाळं धरलं. माणसं गेली तरी ती तशीच बसून होती, पटक्याच्या कडेला. तिला सगळं केव्हापासून ठाऊक होतं, की त्या क्षणी कळलं, की खरंच चिखल आडवा आला असं तिला वाटलं, हे लोक मला अजून विचारतात. मी तिला विचारलं नाही. ती पुढे बरीच वर्षं जगली. कुंकू तिने रोज लावलं, गेली तेव्हा आम्ही तिला हिरव्या चुड्याने काढली.

म्हातारा गेल्यावरही दिवे लागायच्या वेळेला माणसं सवयीने ओट्यावर येऊन बसायची. सुपडा खांबाला टेकायचा. मधली जागा सोडून सगळे बसत. दाराआड काकी येऊन बसायची, बांगड्या वाजायच्या. थोडा वेळ वाट पाहून एकेक जण उठून जाई.

पटका तिने धुऊन पेटीत ठेवला. त्यानंतर त्या गावात कधीच काही घडलं नाही.